कणकेचं कुत्रं: फायडोत एवढं आहे तरी काय?

गिरणीवाला (लातूर)

पोकेमॉनवर (जपानी गेममधले, एकमेकांशी लढणारे काल्पनिक प्राणी) इथं अधूनमधून धागे निघतात, पण पिकाचू आणि चारिझार्डच्या पुढं गाडी सरकत नाही. फायडोवर कुणी चार ओळी लिहिलेल्या सापडल्या नाहीत, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' हे दोन गेम १८ नोव्हेंबर २०२२ ला निन्टेंडो स्विचवर आले. त्यातला पाल्डिया नावाचा मुलूख स्पेन-पोर्तुगालवर बेतलेला आहे. तिथं खेळाच्या सुरुवातीच्या भागातच एक पिल्लू भेटतं, अख्खं मळलेल्या कणकेचं. तोच फायडो. जात फेअरी, उंची ३० सेंटिमीटर, वजन १०.९ किलो. त्याच्या श्वासात खमीर असतं आणि त्यानं आजूबाजूच्या वस्तू आंबतात. हे खमीर स्वयंपाकाला उपयोगी पडतं म्हणून माणसांनी त्याला फार पूर्वीपासून जपलं, असं एका गेमच्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे प्राण्यांच्या माहितीवहीत, लिहिलंय. दुसऱ्या गेममधली नोंद म्हणते की अंगाला हात लावला तर गुळगुळीत, ओलसर लागतं. लेव्हल २६ ला त्याचा डॅक्सबन होतो. तो भाजलेला, तांबूस, लांबुडका. आगीचा हल्ला त्याला लागतच नाही, उलट त्याचा बचाव दोन पायऱ्या वर चढतो.

माझं म्हणणं असं. गोल डोळे आणि आखूड पाय कुणालाही काढता येतात. फायडो गोड वाटतो कारण ज्यानं तो काढला त्यानं कणीक मळण्यापासून भाजण्यापर्यंतचं सगळं डोक्यात ठेवून काढला. कच्चा असताना श्वासात खमीर, भाजल्यावर आगीला दाद नाही. म्हणजे गेममधली त्याची ताकदसुद्धा स्वयंपाकघरातून आलीय. बाकीच्या खाऊवाल्या पोकेमॉनांत बऱ्याचदा पदार्थाला डोळे चिकटवून काम भागवलेलं दिसतं.

पटत नसेल तर भांडा. गिरणीत दुपारी गिऱ्हाईक कमीच असतं.

रिकामटेकडी (संभाजीनगर)

शीर्षक वाचून पाककृती समजून आले होते. मग फोटो शोधला. अगं माय! उचलून परातीत ठेवावंसं वाटायलंय.

हिशोबनीस

३० सेंटिमीटरच्या पिल्लाला १०.९ किलो? आणि डॅक्सबनचं वजन बघितलं तर १४.९ किलो. घरगुती सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा जास्त भरतंय हे. कुशीत घेऊन झोपणाऱ्यांनी विचार करावा.

भट्टीवाला (नांदेड)

मला गेममधलं काही कळत नाही. पोरगं खेळायलंय म्हणून नाव कानावर होतं. पण विषय खमिराचा निघालाय तर बोलतो, कारण पहाटे उठून मी तेच करायलाव.

आधी वजनाचं. मळलेला गोळा जडच असतो. आणि भाजल्यावर पाणी उडून वजन दहा-बारा टक्के तरी घटतं. तुमचं कुत्रं भाजल्यावर वाढलंय, म्हणजे मधल्या काळात त्याला खायला घातलेलं दिसतंय. ते चालेल.

आता 'गुळगुळीत आणि ओलसर'. मैदा मळायला घेतला की आधी हाताला चिकटतो, चिडचिड होते. मळत राहिलं की एका टप्प्याला चिकटायचं सोडतो आणि अंग तुकतुकीत होतं. मग ओलं फडकं टाकून ठेवायचा. फुगला का नाही हे घड्याळात बघून कळत नसतं. मे महिन्यात आमच्याकडं बर्फाचं पाणी घालून मळावं लागतं, नाहीतर बघता बघता गोळा भांड्याबाहेर येतो. थंडीत तोच गोळा तासन्‌तास हलत नाही. म्हणून बोट पिठात बुडवायचं आणि गोळ्यात पेरभर खुपसायचं. खड्डा झटक्यात भरून आला तर अजून कच्चा आहे. सावकाश निम्मा भरला तर लगेच भट्टीत घाला. खड्डा तसाच राहिला तर गोळा उतरला, त्याचा पाव बसका होणार. तुमच्या पिल्लाचा फोटो पोरानं दाखवला. ते मधल्या अवस्थेतलं आहे, नुकतं भट्टीत घालण्याजोगं. ज्यानं काढलं त्यानं कधीतरी गोळ्यात बोट घालून बघितलंय, हे मी पैजेवर सांगतो.

एक शंका मात्र आहे. खमीर जिवंत असतं. पिठातली साखर खातं, गॅस सोडतं, त्या गॅसनं पाव फुगतो. भट्टीत गेल्यावर पहिली काही मिनिटं जोरात फुगवतं आणि आतली उष्णता साठ अंशाच्या आसपास पोचली की मरतं. म्हणजे भाजलेल्या कुत्र्याच्या श्वासात खमीर राहायला नाही पाहिजे. गिरणीवाले दादा, त्या मोठ्याच्या नोंदीत काय लिहिलंय ते बघा बरं.

गिरणीवाला (लातूर)

भट्टीवाले, दंडवत घ्या. आत्ता दोन्ही गेममधल्या नोंदी पुन्हा वाचल्या. डॅक्सबनच्या नोंदीत खमिराचा शब्दही नाही! एका नोंदीत आहे की त्याच्या अंगाच्या सुवासानं गहू चांगला वाढतो, म्हणून शेतकरी गावांत त्याला मान होता. दुसरीत आहे की कडक आच लागली की कातडी टणक होते आणि भूक चाळवणारा वास सुटतो. पिल्लाजवळ खमीर, मोठ्याजवळ नुसता वास.

इतके दिवस खेळतोय, हे माझ्या नजरेत आलं नव्हतं. माझ्या मुद्द्याला याच्यापेक्षा चांगला पुरावा मला शोधून सापडला नसता.

भट्टीवाला (नांदेड)

बरोबर आहे मग. भट्टीचा वास म्हणतात तो पाव भाजतानाच सुटतो, कच्च्या गोळ्याचा वास आंबूस असतो.

पण आगीला दाद नाही हे मला पटलेलं नाही. टोस्ट म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेला पावच. आणि विसरलात तर कोळसा होतो. माझ्याकडं पुरावे आहेत.

लेव्हल_शंभर (परभणी)

काका, टोस्ट दुसऱ्यांदा भाजला की कडक होतो ना? गेममध्ये तेच आहे. आगीचा मार बसला की इजा शून्य आणि बचाव दोन पायऱ्या वर. कोळसा होईपर्यंत ठेवायची सोय गेममध्ये नाही एवढंच.

खेळणाऱ्यांसाठी: डॅक्सबनचा मूळ बचाव ११५, पण जीव फक्त ५७. दोघा-दोघांच्या लढतीत गंमत करता येते. आपल्याच जोडीदाराकडून त्याच्यावर आगीचा हल्ला करवून घ्यायचा. याला काही होत नाही आणि बचाव फुकटात वाढतो. अडचण एकच. आगवाल्यांसमोर हा बिनधास्त उभा राहतो, पण याचे स्वतःचे फेअरी हल्ले आगवाल्यांना निम्मेच लागतात. दोघंही एकमेकांकडं बघत बसतात.

पाटी_पेन्सिल (बीड)

धागा छान आहे, पण गिरणीवाले, तुम्ही डोळे-पायांना फारच स्वस्तात काढलंत. कॉन्राड लॉरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १९४३ मध्येच मांडलं होतं की मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय असं तान्ह्या बाळाचं रूप दिसलं की माणसाच्या मनात माया आपोआप जागी होते. कुत्र्याच्या पिल्लावर आपला जीव जडतो तो त्याचमुळं. फायडोही त्याच साच्यातला. शाळेत पोरांना फोटो दाखवला तेव्हा एकालाही खमीर माहीत नव्हतं, तरी अख्खा वर्ग 'ऑऽऽ' करून गेला.

गिरणीवाला (लातूर)

सर, 'ऑऽऽ' मिळवायला साचा पुरतो, हे कबूल. पण त्याच साच्यातला व्हॅनिलाइट घ्या. मोठं डोकं, मोठे डोळे, पाय तर नाहीतच. २०१० मध्ये 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये आला तेव्हापासून लोक त्याला शिव्या घालतायत. सगळ्यात वाईट पोकेमॉनांच्या याद्या निघतात त्यात त्याचा नंबर ठरलेला. कोनावर आइस्क्रीम, आइस्क्रीमला तोंड, संपलं. लेव्हल ३५ ला मोठा कोन होतो आणि ४७ ला एका कोनावर दोन डोकी. वाढ म्हणजे काय, तर मोठी ऑर्डर!

उन्हाळी_सुट्टी (परभणी)

व्हॅनिलाइटला नावं ठेवायची नाहीत. मी इथं फक्त त्याच्यासाठी आलेय.

पहिली गोष्ट, तो आइस्क्रीम नाहीच. पोकेडेक्समध्ये तो सकाळच्या उन्हाची शक्ती लागलेल्या, लोंबत्या बर्फाच्या कांडीतून जन्मतो. श्वासाचं तापमान उणे ५० अंश, आणि जाईल तिथं बर्फ पाडतो. आकार तुम्हाला कोनाचा वाटतो कारण तुम्हाला भूक लागलेली असते. दुसरी गोष्ट, तो ज्यानं काढला तो जेम्स टर्नर इंग्लंडचा. जपानी चित्रकारांच्या त्या चमूत बाहेरून येऊन शिरलेला माणूस. त्याच्या कामाकडं लोक आधीच डोळे वटारून बघत असणार, असं मला कायम वाटतं.

आणि तिसरी गोष्ट तुम्हा लातूरकरांना काय सांगायची! मे महिन्यात परभणीत दुपारी दोनला लाईट गेलेली असताना उणे ५० अंशाचा श्वास टाकणारं कुणीतरी उशाला बसलंय, एवढं डोळ्यांसमोर आणा. फायडो त्या वेळी काय करणार? घरातलं वरण आंबवणार.

रिकामटेकडी (संभाजीनगर)

घरातलं वरण आंबवणार 😂 ताई, मी तुमच्या बाजूनं.

गिरणीवाला (लातूर)

वरणाचा मुद्दा बिनतोड आहे. उन्हाळ्यात फायडो अंगणात बांधावा लागेल.

जुनं_खोड

चालू द्या तुमचं. पहिले १५१ तेवढे खरे, १९९६ चे. आता १०२५ झालेत. कल्पना संपल्या तेव्हा कुणीतरी फ्रिज उघडला आणि दिसेल त्याला डोळे काढत सुटलं. चहाचा कप आहे, सफरचंद आहे, केक आहे, सुशी आहे. मऊ खेळणी विकायची, बाकी काही नाही. आम्ही वेफरच्या पुड्यातल्या तझोंवर (चित्रांच्या गोल चकत्या) शाळेत मारामाऱ्या केल्या, त्यात एकही पाव नव्हता.

लेव्हल_शंभर (परभणी)

काका, पहिल्या १५१ मध्ये एग्झेग्यूट आहे. ती काय पालेभाजी आहे? सहा अंड्यांचा घोळका आहे. मॅग्नेमाइट म्हणजे लोहचुंबकाला डोळा. व्होल्टॉर्ब म्हणजे चेंडूला डोळे. ग्रायमर म्हणजे गटारातला गाळ, त्याला तोंड. तेव्हा फ्रिज नसेल उघडला, अडगळीची खोली उघडली होती.

जुनं_खोड

ग्रायमरच्या वाटेला जायचं नाही.

मिरचीपूड (धर्माबाद)

आमच्या गावचा मिरचीचा बाजार माहीत असेल त्याला सांगायला नको की मी कुणाची बाजू घेणार. कॅप्सकिड! तोही पाल्डियातलाच. हिरव्या मिरचीचं पोरगं, पानाफुलांच्या जातीचं. नोंदीत आहे की जितकं ऊन खाईल तितका अंगात तिखटपणा साठतो आणि त्याचे हल्ले तितकेच झोंबतात. त्याला फायर स्टोन (गेममधला आगीचा दगड) दिला की स्कोव्हिलन होतो, दोन डोक्यांचा, एक लाल आणि एक हिरवं. लाल डोकं तिखटाची आग करून फेकतं. हिरवं डोकं मात्र तिखट मेंदूत चढून पिसाळलेलं असतं.

गिरणीवाल्यांचा मुद्दा इथं फिट बसतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवर आगीसारखं लागतं, कारण शरीरात उष्णता ओळखायची जी जागा आहे तीच ते दाबतं. जळत काहीच नसतं, पण मेंदूला वाटतं जळतंय. म्हणजे मिरचीचा पोकेमॉन पुढं आगीच्या जातीत जाणं ही नुसती गंमत नाही. आमच्याकडं हंगामात लाल मिरची वाळत घातलेली असते तिथून तोंडाला रुमाल बांधून जावं लागतं, तेव्हा हे वाचायची गरज पडत नाही.

पाखरांना मात्र ती झोंबत नाही. पोपट खुशाल खातात. स्कोव्हिलनसमोर पाखरू उभं केलं तर काहीच होऊ नये असं माझं म्हणणं आहे, पण गेममध्ये तसं ठेवलेलं नाही. तेवढी एक जागा सोडलीय त्यांनी.

पाटी_पेन्सिल (बीड)

अवांतर, पण मनात आलंय ते विचारतो. हे प्राणी गेममधली माणसं खातात का? फायडोवर एवढी माया करायची आणि मग सँडविचही करायचं?

लेव्हल_शंभर (परभणी)

सँडविच करायची सोय 'स्कार्लेट-व्हायोलेट'मध्ये आहेच, सहलीला बसून. फायडो शेजारीच बसतो. त्याला काय वाटत असेल देव जाणे.

खाण्याबद्दल म्हणाल तर थेट उल्लेखही आहेत. 'गोल्ड-सिल्व्हर'मध्ये टीम रॉकेटवाले (गेममधली गुंडांची टोळी) स्लोपोक नावाच्या पोकेमॉनच्या शेपट्या कापून विकतात, एक शेपटी दहा लाखाला. तिथं तो गुन्हा म्हणूनच दाखवलाय आणि आपण जाऊन थांबवतो. 'सोर्ड-शील्ड'मधला ॲपलटन म्हणजे सफरचंदाच्या पायचा ड्रॅगन. त्याच्या पाठीची साल गोड असते आणि पूर्वी लहान मुलं ती खाऊ म्हणून खायची, असं सरळ नोंदीत आहे. ॲपलटनला त्याचं काही वाटत नसावं. ओरडल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

परसदार (धाराशिव)

पाटी_पेन्सिल सर, तुम्हाला हा प्रश्न पडला म्हणजे लहानपणी दिवाळीत साखरेचा हत्ती हातात आला नव्हता वाटतं. लक्ष्मीपूजनाला साखरेची चित्रं आणतात ना, हत्ती, घोडा, बंगला. पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो हत्ती मिळायचा. माझी धाकटी बहीण त्याला आधी खेळवायची, नाव ठेवायची, फडक्यात गुंडाळून झोपवायची. संध्याकाळी सोंड गायब. विचारलं तर म्हणायची, "त्यालाच खाऊ वाटली." साखर हाताच्या घामानं चिकट व्हायची, मुंग्या लागायच्या, म्हणून मग घाईघाईनं उरलेला हत्ती दोघींत वाटून टाकायचा. त्यात क्रौर्य वगैरे काही नव्हतं. जीव लावलेला हत्ती खाताना जास्त गोड लागायचा, हे मात्र खरं.

बैलपोळ्याला कणकेचे बैल करतात काही घरांत, तेही पूजेनंतर जातात कुठं? मला वाटतं फायडो आपल्याला परका वाटत नाही तो यामुळं. खाऊचा प्राणी आणि प्राण्याचा खाऊ, दोन्ही आपल्या घरात आधीपासून आहेत. जपानी माणसानं फक्त त्याला चालायला लावलं.

अल्क्रेमीचं कुणी बोललं नाही अजून. क्रीमची बाई. मिल्सरीला, म्हणजे तिच्या आधीच्या रूपाला, गोड सजावट द्यायची आणि आपण जागेवर गिरकी घ्यायची. कुठल्या बाजूनं फिरलो, किती वेळ आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, यावर क्रीम ठरतं. नऊ क्रीम आणि सात सजावटी, म्हणजे त्रेसष्ट रूपं. माझ्या लेकीनं सगळी जमवायची ठरवलंय, आणि गेममध्ये फिरताना स्वतःही खुर्चीतून उठून फिरते. काही उपयोग नाही त्याचा, पण मी सांगितलेलं नाही.

मालदांडी (बीड)

इतका वेळ गप बसून वाचायलोय. आता राहवत नाही.

डॅक्सबनच्या वासानं गहू वाढतो म्हणे. वाढू द्या. पण आमच्या मुलखाचं पीक ज्वारी. रब्बीची मालदांडी, जालन्याची दगडी. त्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, जरा मान ठेवा. आणि पिकाला वास नाही, पाणी लागतं. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा गव्हाचं काय झालं असेल ते गिरणीवाल्यांना विचारा. रब्बीची ज्वारी मात्र काळ्या रानाच्या ओलीवर येते.

तर फायडो आमच्याकडं निरुपयोगी आहे, हे मी सिद्ध करून दाखवतो. गव्हात ग्लुटेन असतं, ते ताणलं जातं, त्यात खमिराचा गॅस अडकतो. ज्वारीत ग्लुटेन नाही. फायडो रात्रभर श्वास टाकत बसला तरी ज्वारीचा गोळा पावासारखा फुगणार नाही. आंबेल आणि खपली धरेल.

भाकरी फुगते ती वाफेनं. बघा कसं. पिठात कढत पाणी घालून काठवटीत मळायचं, तळहाताच्या टाचेनं रगडून. रगडण्यात हयगय झाली की कडेला चिरा पडतात. पीठ शिळं असलं, त्याची विरी गेलेली असली तरी तेच. थापून तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या बेताला आलं की उलटायची. घाईनं उलटली तर चिकटते, उशिरा उलटली तर तडकते. दुसरं अंग शेकलं की तवा बाजूला काढून आचेला लावायची. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं, वाट मिळत नाही, आणि वरचा पापुद्रा टम्म उठतो. खमीर नाही, वाट बघणं नाही. मळली की लगेच थापायची.

म्हणून आमचा पोकेमॉन वेगळाच पाहिजे. आगीला दाद न देणारा नको, आगीनंच फुगणारा पाहिजे. पाण्याचा हल्ला झाला तर याच्या पाठीवर तुकतुकी येते, त्यानंतर आगीचा झाला की दोन पापुद्रे सुटून आकार दुप्पट. लागोपाठ दोन हल्ले याच क्रमानं झाले तरच. क्रम चुकला तर चीर पडणार. आणि एक दिवस वापरला नाही तर शिळा होऊन टणक, बचाव दुप्पट, वेग शून्य. दूध घातलं की पुन्हा मऊ.

नाव तुम्ही ठेवा.

लेव्हल_शंभर (परभणी)

दादा, हे जबरदस्त आहे. पाण्याचा हल्ला आधी आणि आगीचा नंतर, असं क्रमावर चालणारं खरंच कुणी करत नाही. जात कोणती? मी म्हणतो जमीन आणि आग.

मालदांडी (बीड)

जमीन चालेल. काळी.

परसदार (धाराशिव)

मालदांडी, फायडोला एवढ्यात हाकलू नका. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आपण आंबवतोच की. येळवशीची आंबील विसरलात? आमच्याकडं मार्गशीर्ष अमावस्येला अख्खी गावं रानात जातात, भज्जी, उंडे आणि माठातली आंबील घेऊन. आंबील नीट आंबली नाही तर रानात सगळ्यांसमोर नाक कापलं जातं. आदल्या रात्री माठाशेजारी फायडो बांधला की काळजी नाही.

भट्टीवाला (नांदेड)

ताई, बांधू नका. आंबिलीला आंबटपणा देतात ते ताकातले जिवाणू, दह्यावाले. खमीर त्यांच्यातलं नव्हे. ते जास्त शिरलं तर आंबिलीला फेस येईल आणि दारूचा वास मारायला लागेल. पाहुणे खूष होतील, पण सासूबाई होणार नाहीत.

परसदार (धाराशिव)

मग फायडोला रानातच राखणीला ठेवते.

उन्हाळी_सुट्टी (परभणी)

आंबील थंड प्यायची असेल तर व्हॅनिलाइट आहे. सांगून ठेवते.

रिकामटेकडी (संभाजीनगर)

स्विच महाग आहे बाई. मोबाईलवर फायडो मिळतो का?

लेव्हल_शंभर (परभणी)

हो, 'पोकेमॉन गो'मध्ये आहे, जानेवारी २०२५ पासून. ५० कँडी जमल्या की डॅक्सबन. २०२३ पासून तो गेम हिंदीतही आहे. फिरावं मात्र लागतं. आमच्याकडं पोकेस्टॉप (गेममधलं सामान मिळायच्या खऱ्या जागा) बहुतेक देवळांवरच, त्यामुळं घरी सांगायला सोपं जातं.

गिरणीवाला (लातूर)

धागा भाकरीवर जाऊन थांबेल असं वाटलं नव्हतं, पण मालदांडींनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं. त्यांनी भाकरीला डोळे काढले नाहीत. तवा, पाणी आणि आच यांचा क्रम घेतला आणि त्यातून प्राणी उभा केला. मी अजून त्याचं तोंडही बघितलेलं नाही, तरी मला तो आवडायलाय. पाटी_पेन्सिल सर, तुमच्या लॉरेन्झसाहेबांना याचं काय करायचं ते विचारा.

भट्टीवाले, एक काम होतं. पुतणीचा वाढदिवस आहे आणि तिला फायडोचा पाव पाहिजे. आमच्याकडं मैदा आहे, ओव्हन शेजारी आहे. तोंड कसं करायचं?

भट्टीवाला (नांदेड)

सोपं आहे, पण घाई करू नका. अंगाचा एक गोळा, तोंडाचा वेगळा, कान-पाय लहान लहान. जोडताना पाण्याचं बोट फिरवा, नाहीतर भाजताना कान गळून पडतात. सगळे अवयव पाहिजेत त्यापेक्षा बारीक करा, फुगल्यावर दुप्पट होणार आहेत. पाय आखूड ठेवा, लांब केले की पसरून पाल होते.

डोळे आधी लावू नका. आधी लावले की गोळा फुगताना ते एकमेकांपासून लांब सरकतात आणि कुत्र्याचा बेडूक होतो. शेवटचं फुगून झालं की मग लवंगा डोक्यापर्यंत खोल दाबून बसवा. पोरांना द्यायच्या आधी त्या काढायला सांगा. वरून दुधाचा हात. कच्च्या पिल्लासारखा फिकट पाहिजे असेल तर रंग यायला लागला की वरून फॉइल झाका. डॅक्सबन पाहिजे असेल तर झाकू नका.

गिरणीवाला (लातूर)

फिकटच पाहिजे. आणि कापायचा कुठून?

भट्टीवाला (नांदेड)

कापायचा कशाला, तोडा. कान आधी. बारीक असतात, लवकर वाळतात.